दहा रुपयांची रिकामी बाटली: केदारनाथच्या वाटेवरच्या क्यूआर कोडचं प्रकरण

पाण्याची रिकामी बाटली साधारण वीस ग्रॅमची असते. किलो भरायला पन्नास बाटल्या लागतात. भंगारवाला किलोला पंचवीस-तीस रुपये देतो असं धरलं, तर एका बाटलीचे पन्नास-साठ पैसे झाले. पुण्यामुंबईत एवढ्यासाठीही वाकणारी माणसं आहेत, कारण तिथे बाटल्या ढिगानं पडलेल्या असतात आणि भंगाराचं दुकान चार गल्ल्या सोडून असतं. हीच बाटली ३,५८३ मीटर उंचीवर नेऊन ठेवा. मोटाररस्ता सुमारे १६ किलोमीटर खाली राहिलेला, आणि मधे ओझं वाहायला खेचर नाहीतर माणसाची पाठ. पन्नास पैशांसाठी तिथे कोण वाकणार?

केदारनाथचा कचरा हा म्हटलं तर एवढ्याच हिशेबाचा प्रश्न आहे. श्रद्धा, शिस्त, संस्कार यांवर त्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण बाटली दरीत का पडून राहते याचं उत्तर हिशेबातच सापडतं: तिला खाली आणायला जे कष्ट पडतात, त्याच्या पासंगालाही तिची किंमत पुरत नाही. २०२२ च्या मे महिन्यात रुद्रप्रयाग जिल्हा प्रशासनानं आणि हैदराबादच्या रिसायकल नावाच्या कंपनीनं मिळून या बाटलीची किंमत वाढवली. बाटलीवर एक क्यूआर कोड चिकटवला आणि ती रिकामी झाल्यावरही दहा रुपयांची राहील असं ठरवलं. त्या कोडनं काय साधलं आणि काय साधलं नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

वाट

केदारनाथला जाऊन आलेल्या मराठी घरांची संख्या कमी नाही, त्यामुळे वाट ओळखीची असेल. सोनप्रयागला गाड्या थांबतात, तिथून गौरीकुंड, आणि गौरीकुंडपासून चढण सुरू. जून २०१३ च्या प्रलयात रामबाडा वाहून गेला, जुनी वाट मोडली आणि मंदाकिनीच्या दुसऱ्या काठानं नवी काढावी लागली. चढ वाढला, अंतरही वाढलं. भीमबली, लिनचोली अशा टप्प्यांवर टपऱ्या आहेत: चहा, मॅगी, बिस्किटं, पाणी, थंड पेयं. वर विकली जाणारी प्रत्येक वस्तू खेचरावरून आलेली असते, म्हणून ती महाग असते. तिचं वेष्टन मात्र ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं परत जाईल, याची सोय कुणी केलेली नसते.

कोविडची दोन वर्षं यात्रा जवळजवळ ठप्प होती. ६ मे २०२२ ला मंदिराचं कपाट, म्हणजे दार, उघडलं आणि अडवलेलं धरण फुटावं तशी गर्दी झाली. त्या एका हंगामात केदारनाथला साडेपंधरा लाखांवर माणसं गेली. तंबूंच्या आसपास पसरलेल्या प्लास्टिकचे फोटो दोनतीन आठवड्यांतच देशभर फिरले, आणि २९ मेच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या कचऱ्याचा उल्लेख केला. बाटल्यांवर कोड लावण्याची योजना सुरू झाली तीही याच महिन्यात.

कोड नेमका कशासाठी

अनामत रक्कम घेऊन बाटली परत मागणं आपल्याला नवीन नाही. ज्यांचं लहानपण काचेच्या बाटल्यांच्या काळात गेलं त्यांना आठवत असेल, थंड पेयाची बाटली घरी न्यायची तर दुकानदार वर चार पैसे ठेवून घ्यायचा. बाटली परत केली की पैसे परत. तिथे कोड नव्हता, पावतीही नव्हती, कारण दोन गोष्टी होत्या. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत होता, आणि कंपनीला ती बाटली पुन्हा भरायला हवीच होती.

केदारनाथच्या वाटेवर यातलं काहीच नाही. गिऱ्हाईक आयुष्यात एकदा येतं. ते बाटली भीमबलीला घेतं आणि रिकामी करतं लिनचोलीला. पाणी भरणाऱ्या कंपनीला ती बाटली परत नको असते. आणखी एक अडचण आहे, आणि अख्खी योजना मला वाटतं तिच्यावरच उभी आहे. कारखान्यातून येणाऱ्या सगळ्या बाटल्या एकसारख्या असतात. त्यांच्यावरचा नेहमीचा बारकोड फक्त 'अमुक कंपनीचं एक लिटर पाणी' एवढंच सांगतो. तोच बारकोड हृषीकेशच्या बाटलीवर आहे आणि नाशिकच्याही. बारकोडवर दहा रुपये द्यायला लागलात, तर उद्या कुणीतरी हरिद्वारहून पोतं भरून बाटल्या आणेल आणि ज्या बाटल्यांवर कधी अनामत भरलीच गेली नव्हती त्यांचे पैसे घेऊन जाईल. चार दिवसांत योजनेचं दिवाळं.

म्हणून इथे प्रत्येक बाटलीवर वेगळा कोड लागतो. दिसायला ते सारखेच काळे-पांढरे चौकोन, पण प्रत्येकाच्या पोटात निराळा क्रमांक. रचना साधी आहे. लेबलं विक्रेत्यांना पुरवली जातात. दुकानदार बाटली विकताना किमतीवर दहा रुपये वेगळे घेतो. रिकामी बाटली संकलन केंद्रावर दिली की तिथला माणूस कोड स्कॅन करतो, प्रणाली तो क्रमांक पाहते, परतावा यूपीआयनं जातो, आणि तो क्रमांक कायमचा मरतो. तीच बाटली पुन्हा दाखवली तर पैसे नाहीत. काही ठिकाणी माणसाऐवजी बाटली गिळणारं यंत्र ठेवलं गेलं. केदारनाथनंतर ही योजना चारधामच्या इतर ठिकाणीही नेण्यात आली.

थोडक्यात, तो कोड म्हणजे बाटलीच्या गळ्यात बांधलेली दहा रुपयांची हुंडी. जो आणून देईल त्याची, आणि एकदाच वटणारी.

जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर अनामत आहे, आज ती २५ सेंट. तिथे प्रत्येक बाटलीला वेगळा क्रमांक नसतो, कारण त्यांना त्याची गरज पडत नाही. यंत्र बाटलीवरची खूण तपासतं, पैसे देतं आणि बाटली तिथल्या तिथे चेपून टाकतं. चेपलेली बाटली दुसऱ्यांदा देता येत नाही, मग क्रमांक कशाला? पण हे जमण्यासाठी अख्ख्या देशात सगळ्या बाटल्यांवर अनामत असावी लागते आणि किराणा दुकानादुकानात यंत्र. आपल्याकडे अनामत फक्त एका दरीपुरती, आणि यंत्र बसवायचं तर वीज, जागा, दुरुस्तीवाला हे सगळं डोंगरावर चढवायचं. तिथे यंत्राचं काम कोडवर आणि मोबाइलवर टाकणं हाच शहाणपणाचा मार्ग होता. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी काढला. तेलकट, खरचटलेल्या भागांवरही वाचता यावा अशी त्याची घडण आहे. खराब झालेला भाग भरून काढण्याची सोय कोडातच असते, आणि तिची सर्वांत वरची पातळी वापरली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. हिमालयातल्या पावसात चुरगळलेल्या लेबलासाठी ही सोय फार मोलाची.

यात्रेकरूला स्कॅन करावंच लागत नाही

'संवादी वेष्टन' म्हटलं की कंपन्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र असतं. ग्राहक पुडा हातात घेतो, कोड स्कॅन करतो, एक पान उघडतं, त्यावर हिरवी पानं, हसरा शेतकरी आणि 'कृपया हे वेष्टन पुनर्चक्रणासाठी द्या' अशी विनंती. असे किती कोड आपण आजवर स्कॅन केले असतील? मी मोजून दोन, आणि त्यातलं एक पान उघडलंच नाही.

केदारनाथच्या कोडनं ग्राहकाकडून एवढीही अपेक्षा ठेवली नाही. यात्रेकरूच्या मोबाइलला रेंज नसेल, बोटं गारठली असतील, तरी स्कॅनपायी काही अडत नाही. स्कॅन करणारा केंद्रावर बसलेला असतो. यात्रेकरूनं फक्त बाटली नेऊन द्यायची. आणि तीही त्यानंच द्यायला हवी असं नाही. दहा रुपयांसाठी रांगेत उभं राहायचं नाही असं ज्याला वाटतं तो बाटली कठड्यावर ठेवून पुढे जातो. ती उचलतो सफाई कामगार, खेचरवाला नाहीतर टपरीवरचा पोरगा. पैसे त्याला मिळतात.

काहींना ही गळती वाटते: ज्याचे पैसे, त्याला परत मिळाले नाहीत. माझ्या मते योजनेचा सगळ्यात चांगला भाग हाच आहे. वर केलेला हिशेब आठवा. पन्नास बाटल्या म्हणजे एक किलो, भंगारात पंचवीस-तीस रुपये. कोड लागल्यावर त्याच पन्नास बाटल्या पाचशे रुपयांच्या झाल्या. पाचशे रुपये किलोचा माल दरीत पडून राहत नाही. यात्रेकरूची सवय बदलली की नाही हा प्रश्नच मग मागे पडतो, कारण कुणीतरी वाकलं, आणि वाकण्याचे त्याला पुरेसे पैसे मिळाले. या योजनेतून ११० हून जास्त रोजगार उभे राहिले असं शासनानं म्हटलं आहे.

दुकानदाराच्या बाजूनंही कोडचं एक काम आहे, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. डोंगरात वीस रुपयांची बाटली वीसला मिळत नाही हे यात्रेकरूला ठाऊक असतं, त्यामुळे 'आणखी दहा द्या' म्हटलं की त्याला लुबाडणूकच वाटते. लेबल हा त्या दहा रुपयांचा पुरावा. हे तुमचेच पैसे आहेत, खाली मिळतील, असं दुकानदार बोटानं दाखवू शकतो. कोड नसता तर या दहा रुपयांवरून दर दुसऱ्या टपरीवर भांडण झालं असतं.

वीस लाख म्हणजे किती

आता आकडे. शासकीय माहितीनुसार या योजनेतून एकूण सुमारे २० लाख बाटल्या गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्या आणि ६६ टन कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन टळलं. वीस ग्रॅमच्या हिशेबानं २० लाख बाटल्या म्हणजे ४० टन प्लास्टिक. डोंगरातून ४० टन खाली येणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण दुसऱ्या हातानं यात्रेकरूंचा आकडा धरा. केदारनाथला २०२२ मध्ये साधारण साडेपंधरा लाख, २०२३ मध्ये साडेएकोणीस लाख आणि २०२४ मध्ये साडेसोळा लाख माणसं गेली. एकट्या केदारनाथची तीन हंगामांची बेरीज पन्नास लाखांच्या वर जाते. वीस लाख बाटल्या सगळ्या एकट्या केदारनाथच्याच धरल्या, तरी माणशी अर्धी बाटलीसुद्धा पडत नाही. सोळा किलोमीटर चढून उतरणारा माणूस अर्धीच बाटली पाणी पितो असं कोण म्हणेल? काहीजण घरून तांब्याची नाहीतर स्टीलची बाटली नेतात, काही वाटेतल्या नळावर भरून घेतात, हे खरं. तरीही कोड न लागलेल्या, किंवा लागूनही परत न आलेल्या बाटल्यांची संख्या मोठी असणार.

नेमकी किती, हे या प्रणालीइतकं अचूक दुसरं कुणी सांगू शकणार नाही. प्रत्येक बाटलीला क्रमांक आहे. कोणती लेबलं दुकानाला दिली, कोणती वटली, कोणती नाही, कोणत्या टप्प्यावर विकलेली बाटली कोणत्या केंद्रावर आली, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. भीमबलीला विकलेल्या बाटल्यांपैकी निम्म्या नाहीशा होत असतील, तर भीमबलीच्या पुढे एक केंद्र कमी आहे असा त्याचा सरळ अर्थ. कागदावरच्या अनामत योजनेला हे कधी दिसलं नसतं. म्हणूनच 'इतक्या लाख बाटल्या गोळा' ही एकुलती बेरीज ऐकली की मला चुकल्यासारखं वाटतं. बेरीज पोत्यांवरूनही करता येते. कोडसाठी एवढा खटाटोप केला तो टक्केवारीसाठी: विकल्या किती, त्यातल्या आल्या किती. दर हंगामाअखेर हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले पाहिजेत.

न वटलेल्या लेबलांचे पैसे हा याच्याच पोटातला प्रश्न. शंभर बाटल्या विकल्या आणि सत्तर परतल्या, तर तीनशे रुपये कुणाच्या तरी खात्यात राहतात. ते योजना चालवणाऱ्याकडेच राहणार असतील, तर बाटल्या जितक्या कमी येतील तितका त्याचा फायदा. चांगल्या माणसालाही अशा बाकावर बसवू नये. जगातल्या अनामत योजनांमध्ये सगळ्यात जुनी भांडणं याच पैशांवरून झाली आहेत.

लेबलाचे स्वतःचे नखरे

थोडं तांत्रिक. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, पाण्यापेक्षा जड असतं. झाकणाचं प्लास्टिक हलकं असतं. पुनर्चक्रण कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्याच्या हौदात टाकला की पेट तळाला जातं आणि झाकणाचे तुकडे वर तरंगतात. इतकी सोपी, स्वस्त विभागणी दुसऱ्या प्लास्टिकच्या नशिबी क्वचितच येते. त्यात तुम्ही चिकट कागदी लेबल घातलंत की कागदाचा लगदा होतो, डिंक चुऱ्याला धरून बसतो आणि पुढे ते प्लास्टिक पिवळट पडतं. म्हणजे बाटली परत आणणारं लेबलच तिचा दर उतरवू शकतं. यावर उपाय आहेत: गरम धुण्यात सुटणारा गोंद, किंवा झाकणाच्या जातीच्या तरंगणाऱ्या प्लास्टिकचं लेबल. पण हे लेबल छापण्याआधी ठरवावं लागतं. आणि हा विषय आता नुसत्या सद्हेतूचा राहिलेला नाही, कारण कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याची अट कंपन्यांवर आली आहे. स्वच्छ पेटला गिऱ्हाईक आहे.

दुसरा नखरा नकलेचा. कोडची झेरॉक्स निघते. दुकानात मांडलेल्या बाटलीचा फोटो काढून तो कोड दुसऱ्या रिकाम्या बाटलीवर चिकटवला तर? जो आधी पोहोचेल त्याला दहा रुपये, आणि खरी बाटली घेऊन आलेल्याला 'हा कोड वापरला गेला आहे' असं उत्तर. प्रत्येक कोड वेगळा असला तरी कोडला स्वतःला हे रोखता येत नाही. लेबलाचा कागद, छपाई, विक्री झाल्यावरच कोड जागा करणं अशा बाहेरच्या गोष्टींनी ते रोखावं लागतं. दहा रुपयांसाठी कोण एवढी उठाठेव करील, असं म्हणू नका. पाचशे रुपये किलो हा भाव पुन्हा एकदा आठवा.

तिसरं, लेबल हातानं लावावं लागतं. चढावरच्या टपरीत एक माणूस स्टोव्ह सांभाळतो, चहा देतो, सुटे मोजतो. त्याच्या कामात आणखी एक काम आलं. गर्दी वाढली की हेच काम आधी राहणार. कोड कारखान्यातच छापून आला तर हा प्रश्न सुटतो, पण मग कंपनीला एकट्या केदारनाथसाठी वेगळ्या बाटल्या भरायला सांगावं लागेल, आणि दरीतल्या एका हंगामासाठी कुणी तसं करत नाही. राज्यभर किंवा देशभर अनामत असेल तरच छपाई कारखान्यात जाईल.

दारूची बाटली आणि पाण्याची बाटली

याच मे २०२२ मध्ये, १५ तारखेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला निलगिरीत अशीच योजना सुरू झाली. तिथे प्रश्न दारूच्या काचेच्या बाटल्यांचा होता. जंगलात फोडून टाकलेल्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत घुसत होत्या, आणि मद्रास उच्च न्यायालयानं या गोष्टीची दखल घेतली. तामिळनाडूत दारूची किरकोळ विक्री टास्मॅक या एकाच सरकारी महामंडळाकडे आहे. प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जास्त घ्यायचे, खूण करायची, रिकामी बाटली दुकानात आणली की दहा परत, असं ठरलं. तिथे बाटल्या परत येण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं आणि योजना कोइंबतूर, पेरांबलूर असं करत इतर जिल्ह्यांत पसरली.

अनामत तेवढीच, महिना तोच, डोंगर दोन्हीकडे. मग निलगिरीचं बस्तान का बसलं? विकणारा एकच, हे एक कारण. पण खरं कारण मला वाटतं गिऱ्हाइकात आहे. दारू घेणारा उद्या त्याच दुकानात परत येतो. यात्रेकरू परत येत नाही. त्याच्या मनात बाटली परत देण्याची जागा ही 'पुढे कुठेतरी' असते, आणि उतरताना गुडघे बोलायला लागले की ते 'पुढे' येतच नाही. आणखी एक फरक आहे: तिथे न्यायालय आकडे मागत होतं. ज्याला आकडे द्यावे लागतात तो ते मोजतो.

निलगिरीलाही डाग आहेत. टास्मॅकच्या कर्मचाऱ्यांनी वारंवार विरोध केला आहे. रिकाम्या बाटल्यांचा वास, फुटलेल्या काचा, ठेवायला जागा नाही, आणि हिशेबाचा ताप त्यांच्याच डोक्यावर. कोड कितीही हुशार असला तरी रिकामी बाटली जागा अडवतेच, आणि ती कुणाची तरी जागा असते.

आपल्या महाराष्ट्रानं हा प्रयोग कागदावर या दोघांच्याही आधी केला होता. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर एक-दोन रुपयांची पुनर्खरेदी किंमत छापण्याची अट होती. ती किंमत परत मागायला आपल्यापैकी कोण दुकानात गेलं होतं? रक्कम क्षुल्लक, आणि सगळ्या बाटल्यांवर एकच छापील मजकूर. ही बाटली माझ्याच दुकानातली, हिचे जादा पैसे मी घेतले, हे कशावरून, असं दुकानदारानं विचारलं तर उत्तर नव्हतं. हुंडी होती, पण तिच्यावर क्रमांक नव्हता. गोव्यानं २०२४ मध्ये राज्यभराची अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. केदारनाथमध्ये एका दरीत करून पाहिलेलं तिथे अख्ख्या राज्यात करायचं आहे, आणि पेय, मद्य, दूध अशा कितीतरी उद्योगांना सोबत घ्यायचं आहे. त्या मानानं डोंगर सोपा.

केंद्राच्या नियमांमुळे १ जुलै २०२५ पासून प्लास्टिक वेष्टनावरची उत्पादकाची नोंदणी वगैरे माहिती क्यूआर कोडात किंवा बारकोडात देण्याची मुभा मिळाली आहे. यामुळे जवळजवळ सगळ्या पुड्यांवर कोड दिसू लागतील. त्याला आणि केदारनाथच्या कोडला एकाच मापानं मोजू नये. नव्या नियमातला कोड लाखो पुड्यांवर एकच असला तरी चालतो. तो तपासनिसाच्या उपयोगाचा आहे, पुडा कुणी उचलावा म्हणून नव्हे.

बाटली गेली, बाकी तिथेच

केदारनाथची गोष्ट बाटलीपाशी संपत नाही. २०२४ च्या अखेरीस माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत प्रक्रिया न केलेला सुमारे ४९ टन कचरा मंदिराजवळच्या दोन जागांवर टाकण्यात आला होता. कोडच्या जोरावर ४० टनांच्या आसपास बाटल्या मार्गी लागत होत्या, त्याच काळातली ही गोष्ट. दहा रुपये ज्याला चिकटले ते खाली आलं. बिस्किटाचा पुडा, मॅगीचं पाकीट, पातळ रेनकोट, खरकटं यांना काही चिकटलं नव्हतं. बहुस्तरीय पाकिटांवरही कोड लावण्याचा विचार योजनेत होता, पण पाच रुपयांच्या पुड्यावर दहा रुपयांची अनामत घेणार कशी? आणि दोन रुपये घेतले तर कुणी वाकणार नाही. दोन ग्रॅमच्या पाकिटाला कोड वाचवू शकत नाही. अशा मालाला वर जाऊच न देणं, सुटं विकणं, टपरीवाल्याकडूनच रिकामी पाकिटं मोजून घेणं, असे दुसरेच मार्ग लागतात.

भाऊबीजेला केदारनाथचं कपाट बंद होतं. देवाची डोली उखीमठला उतरते, दुकानदार, खेचरं, सफाई कामगार सगळे खाली येतात आणि वाटेवर बर्फ पडतं. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत विकलेल्या, दगडाआड सारलेल्या काही बाटल्या त्या बर्फाखाली राहतात. त्यांचे दहा रुपये तोवर कुणीच नेलेले नसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ ओसरतं, पहिली खेचरं वर निघतात, आणि एखाद्या खेचरवाल्याला लिनचोलीच्या वळणावर अशी एक बाटली दिसते, लेबल ओलं, एक कोपरा फाटलेला. कोड तेवढं फाटणं सोसतो. संकलन केंद्रावरच्या यादीत तो क्रमांक अजून जिवंत ठेवलेला असेल, तर त्याचे दहा रुपये झाले.